डबक्यातल्या प्रतिबिंबाची किंमत

*ताई,*

*माझा पीसी सहा वर्षांपूर्वीचा आहे. जीटीएक्स 1660 सुपर ग्राफिक्स कार्ड, रायझन 5 3600 प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, 500 वॅटचा पॉवर सप्लाय. मॉनिटर मात्र गेल्या वर्षी नवीन घेतला, 1440पी, 144 हर्ट्झ. रोज रात्री मित्रांबरोबर तासभर काउंटर-स्ट्राइक 2 आणि शनिवार-रविवार कथेचे मोठे गेम, असं माझं खेळणं असतं. दीड वर्षं पैसे साठवतोय. धाकटा भाऊ म्हणतो, घ्यायचं तर आरटीएक्स 5080 कार्डच घे, रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करून उजेड-सावली काढणं) पूर्ण लावून खेळता येईल, नाहीतर दोन वर्षांनी पस्तावशील. रोज माझ्याबरोबर खेळणारा मित्र म्हणतो, डबक्यात प्रतिबिंब दिसावं म्हणून एवढे पैसे घालायचे? तुलनेचे पुष्कळ व्हिडिओ पाहिले आणि खरं सांगतो, अर्ध्या वेळा मला फरकच कळला नाही. माझे डोळे कमी पडतायत की त्यात खरंच काही नाही? एवढे पैसे पुन्हा लवकर साठणार नाहीत, म्हणून विचारतोय.*

*— गोंधळलेला*

तुझे डोळे शाबूत आहेत. हे आधी सांगते, कारण तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य मला लागलं. दीड वर्ष पैसे साठवलेल्या माणसाने स्वतःच्या नजरेवर शंका घ्यावी, इतका गोंगाट या विषयाभोवती झाला आहे.

तू पाहिलेले व्हिडिओ दाबून लहान केलेले असतात, आणि अंधाऱ्या कोपऱ्यातल्या उजेडाच्या बारीक छटा त्या दाबण्यात सगळ्यात आधी मरतात. शिवाय कितीतरी गेममध्ये ‘रे ट्रेसिंग’ या बटणामागे फक्त सावल्यांच्या कडा जरा मऊ केलेल्या असतात. तो फरक मलाही थांबून, शोधून पाहावा लागतो. आणखी एक कारण आहे, ज्याचं श्रेय फारसं कुणी देत नाही. जुन्या पद्धतीने प्रकाश रंगवणारे कलाकार आपल्या कामात कमालीचे तरबेज झाले आहेत.

ती जुनी पद्धत म्हणजे रास्टरायझेशन. दृश्यातले त्रिकोण पडद्यावर उतरवायचे, पिक्सेल भरायचे आणि प्रकाशाचा आभास वेगवेगळ्या युक्त्यांनी उभा करायचा. सावलीसाठी दिव्याच्या जागेवरून एक वेगळा नकाशा काढतात. भिंतीवर पडलेला उजेड आधीच तासन् तास गणित करून भिंतीवर भाजून ठेवतात. प्रतिबिंबासाठी पडद्यावर जे आहे तेच उलटं करून पाण्यात चिकटवतात. सगळं जमलं की चित्र इतकं सुंदर दिसतं की खोटेपणा लक्षातच येत नाही.

तो कुठे उघडा पडतो ते तू आजच तुझ्या 1660 सुपरवर पाहू शकतोस. पावसाचा रस्ता असलेला कोणताही अलीकडचा गेम उघड. समोर इमारत आणि मध्ये डबकं असेल असं उभं राहा. डबक्यात इमारत दिसेल. आता कॅमेरा हळूहळू खाली, डबक्याकडे झुकव. इमारतीचा माथा पडद्याच्या वरच्या कडेबाहेर जाईल आणि त्याच क्षणी पाण्यातला तेवढाच माथा पुसला जाईल. डबकं तिथेच आहे, इमारत तिथेच आहे, पण पडद्यावर नाही म्हणून पाण्यातही नाही. तुझं पात्र मध्ये आलं तर त्याच्या डोक्याभोवती प्रतिबिंबाला भोकही पडतं. हे एकदा पाहिलं की रे ट्रेसिंग नेमकं काय दुरुस्त करतं ते दहा व्हिडिओंपेक्षा चांगलं कळेल.

रे ट्रेसिंगमध्ये पडद्यावर काय आहे याला महत्त्वच नसतं. प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण दृश्यात सोडायचा, तो कशाला आपटला ते पाहायचं, तिथून दिव्याकडे किंवा आरशासारखा परत उसळवायचा. कल्पना जुनी आहे. टर्नर व्हिटेड यांनी 1980 मध्ये काचेचे आणि चकाकणारे गोळे असलेलं जे प्रसिद्ध चित्र याच रीतीने काढलं, त्या एका चित्राला व्हॅक्स-11/780 संगणकावर 74 मिनिटं लागली होती. तुला सेकंदाला 60 चित्रं हवीत, म्हणजे एकेका चित्राला 16.7 मिलिसेकंद. तुझ्या 1440पी पडद्यावर जवळपास 37 लाख पिक्सेल आहेत. प्रत्येकातून एकच किरण सोडला तरी सेकंदाला 22 कोटींवर किरण होतात, आणि एका किरणाने काहीच भागत नाही.

पैसे नेमके इथे जातात. किरण कशाला आपटला हे शोधायला प्रत्येक त्रिकोण तपासत बसलं तर दिवस जाईल, म्हणून अख्खं दृश्य खोक्यात खोकं, त्यात आणखी खोकं असं बांधून ठेवतात. किरण मोठ्या खोक्याला लागलाच नाही तर आतलं काही बघायचंच नाही. ही तपासणी करायला कार्डावर वेगळे कोअर असतात. तुझ्या 1660 सुपरवर ते नाहीत. एवढं करूनही किरण इतके थोडे परवडतात की पहिलं चित्र रेतीसारखं दाणेदार येतं. मग डीनॉइझर नावाचं दाणे पुसणारं तंत्र आधीच्या फ्रेममधली, म्हणजे आधीच्या चित्रांमधली, माहिती जोडून ते गुळगुळीत करतं. फिरत्या पंख्याच्या पात्यांमागे ओढल्यासारखी रेघ दिसते किंवा कॅमेरा थांबल्यावर प्रतिबिंब क्षणभराने ‘बसतं’, ते या जोडण्यामुळे. मी भरपूर पैसे घालून लावलेल्या चित्रातही हे दिसतं. तुलाही दिसेल, तेव्हा कार्ड बिघडलं असं समजू नकोस.

आता तुझा मित्र. तो जे म्हणतो ते 2018 साली खरं होतं. त्या नोव्हेंबरात बॅटलफिल्ड फाइव्ह हा आरटीएक्स कार्डांवर रे ट्रेसिंग आणणारा पहिला मोठा गेम ठरला, आणि त्यात किरणांचा उपयोग फक्त प्रतिबिंबांसाठी होता. फ्रेमरेट जवळपास निम्म्यावर यायचा. डबकी, गाडीच्या काचा, पॉलिश केलेली फरशी एवढंच लोकांनी पाहिलं आणि रे ट्रेसिंग म्हणजे डबकी हे डोक्यात बसलं.

प्रतिबिंब हा यातला सगळ्यात दिखाऊ भाग आहे. माझ्या मते सगळ्यात मोलाचा मात्र नाही. मोलाचा भाग म्हणजे उसळलेला उजेड. एक बंद खोली डोळ्यांपुढे आण. एकच खिडकी, जमिनीवर लाल गालिचा, भिंती पांढऱ्या. खिडकीतून ऊन गालिच्यावर पडतं. खऱ्या खोलीत त्या गालिच्याजवळच्या भिंतीचा खालचा भाग किंचित लालसर होतो, छताला फिकट उजेड मिळतो, टेबलाखाली दाट काळोख साचतो. जुन्या पद्धतीने हे आधी भाजून ठेवता येतं, पण मग खिडकी लावली, टेबल उडवलं किंवा सूर्य सरकला की गणित चुकतं. वस्तू जमिनीपासून तरंगल्यासारख्या वाटतात, बंद खोलीत उगाचच राखाडी उजेड भरून राहतो. किरणांनी हिशेब केला की खिडकी लावताच खोली खरोखर काळोखी होते.

हे मी पहिल्यांदा नीट अनुभवलं ते मेट्रो एक्सोडसच्या 2021च्या एन्हान्स्ड आवृत्तीत. ती रे ट्रेसिंगच्या हार्डवेअरशिवाय सुरूच होत नाही, कारण तिच्यातला सगळा प्रकाश किरणांवर बेतलेला आहे. एका मोडक्या लाकडी घराच्या दारात मी बंदूक खाली करून नुसती उभी राहिले. बाहेरचा उजेड फळ्यांच्या फटीतून आत येत होता आणि माझ्या मागचं दार लोटल्यावर आतली भिंत विझत गेली. त्यानंतर मी कितीतरी वेळ त्या गेममध्ये दारं उघडबंद करत होते. आजही मला कुणी विचारलं की रे ट्रेसिंग कशासाठी, तर मी डबक्याचं नाव घेत नाही, त्या दाराचं घेते.

तेव्हा तू नवीन कार्डावर कोणताही गेम लावशील तेव्हा सेटिंगमध्ये आधी ग्लोबल इल्युमिनेशन, म्हणजे हाच उसळलेला उजेड, चालू कर. फ्रेम उरल्या तर प्रतिबिंबं. कंट्रोलसारख्या काचेच्या भिंतींनी भरलेल्या इमारतीतल्या गेममध्ये प्रतिबिंबं आधी लावलीस तरी चालेल, तिथे ती जागेचा स्वभावच बदलतात. सावल्या सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा बंदच ठेव.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे. डिसेंबर 2024 मध्ये आलेला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे 2025 मधला डूम: द डार्क एजेस, या दोन्हींत रे ट्रेसिंगचं हार्डवेअर सक्तीचं आहे. बंद करायचं बटणच नाही. तुझ्या आजच्या कार्डावर हे गेम चालणार नाहीत. उजेड आधीच भाजून ठेवायचा तर बदल केला की पुन्हा तासन् तास थांबावं लागतं. ते वाचत असेल तर गेम बनवणारे जुन्या वाटेने परत कशाला जातील? प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स या दोन्हींत 2020 पासून हे हार्डवेअर आहे, त्यामुळे त्यांना आता मागचा विचार करायची गरजही उरत नाही. असे गेम वाढत जाणार.

पण त्याच दोन गेमची किमान गरज पाहा. दोघांनीही आरटीएक्स 2060 सुपर किंवा रेडिऑन आरएक्स 6600 एवढीच मागितली आहे, म्हणजे 8 जीबीची साधी, काही वर्षांपूर्वीची कार्डं. सक्तीचं रे ट्रेसिंग हे कन्सोलला झेपेल असं हलकं रे ट्रेसिंग असतं. भाऊ ज्या ‘पूर्ण’ रे ट्रेसिंगबद्दल बोलतोय ते पाथ ट्रेसिंग, आणि ती निराळी गोष्ट आहे. त्यात दृश्यातला जवळजवळ सगळाच प्रकाश उसळत्या किरणांनी काढतात. सायबरपंक 2077 मध्ये ते एप्रिल 2023 मध्ये आलं, अॅलन वेक 2 मध्ये त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. दिसतं अप्रतिम, यात मला तिळमात्र शंका नाही. पण 1440पीवर अपस्केलिंग (लहान चित्र काढून ते मोठं करण्याची युक्ती) न लावता ते चालवायचं म्हटलं तर 5080लाही 60 फ्रेम गाठणं जड जातं. म्हणजे आज सगळी पुंजी ओतूनही तुला डीएलएसएसचा, म्हणजे या कार्डांवरच्या अपस्केलिंगचा, आधार घ्यावाच लागेल, आणि चार वर्षांनी येणारे पाथ ट्रेसिंगचे गेम त्या कार्डाला आजच्यापेक्षा जड जातील. दोन वर्षांनी पस्तावू नये म्हणून आज एवढं महाग कार्ड घ्यायचं, हा हिशेब म्हणून मला पटत नाही.

फ्रेम जनरेशनबद्दलही सावध करते. 30च्या 90 फ्रेम झाल्या असं आकड्यात दिसतं, पण मधल्या फ्रेम बनावट असतात. तू माउस हलवल्याची दखल खऱ्या फ्रेमलाच घेतली जाते, वर थोडा उशीरही वाढतो. मुळात 60च्या आसपास खऱ्या फ्रेम मिळत असतील तर हे तंत्र छान गुळगुळीतपणा देतं. 30वर लावलंस तर हातात चिखल धरल्यासारखं वाटतं. विक्रीच्या आलेखांत दोन्ही सरसकट एकाच रंगात दाखवतात, म्हणून कोणतीही तुलना पाहताना फ्रेम जनरेशन बंद असतानाचा आकडा शोध.

आता तुझ्या पीसीकडे येऊ, कारण खरं उत्तर तिथे आहे.

5080 एकटं 360 वॅट घेतं आणि त्यासाठी 850 वॅटचा पॉवर सप्लाय सुचवलेला आहे. तुझा 500चा आहे. म्हणजे कार्डाबरोबर पॉवर सप्लाय आला. मग रायझन 5 3600. रे ट्रेसिंगचा भार फक्त ग्राफिक्स कार्डावर पडतो असा समज आहे, पण मघाशी सांगितलेली ती खोक्यांची रचना दृश्यातली माणसं-गाड्या हलतात तशी दर फ्रेमला बदलावी लागते आणि त्यात प्रोसेसरलाही काम पडतं. 3600समोर 5080 बऱ्याचदा हात बांधून बसेल. मग नवा प्रोसेसर, कदाचित नवा बोर्ड, नवी रॅम. भाऊ एका कार्डाची गोष्ट करतोय आणि तुझ्या वाट्याला जवळपास नवा पीसी येतोय.

पॉवर सप्लायचा मुद्दा हलका घेऊ नकोस. माझ्या पहिल्या मोठ्या कार्डाच्या वेळी मी जुनाच ठेवला होता. मेन्यूत सगळं ठीक, छोट्या गेममध्ये ठीक, आणि मोठ्या लढाईत सगळे दिवे एकदम पेटले की पीसी खटकन बंद. कार्डच खराब आलं असं समजून मी दोन आठवडे डोकं धरून बसले होते.

तुझ्या आठवड्याचा हिशेब कर. रोज एक तास काउंटर-स्ट्राइक 2, म्हणजे बरंचसं खेळणं अशा गेमवर जातं ज्यात रे ट्रेसिंगचा संबंधच नाही आणि ज्यात फ्रेम बहुतेकदा प्रोसेसर ठरवतो. 144 हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तू 3600वर खेळतोयस. तुझ्या रोजच्या त्या तासासाठी सगळ्यात मोठा फरक बहुधा ग्राफिक्स कार्डाने नाही, प्रोसेसरने पडेल. बी450 बोर्डाचा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्यावर रायझन 7 5700एक्स3डी बसतो. चांगल्या स्थितीत मिळाला तर तोच घे, त्याच्या मोठ्या कॅशेचा (आतल्या वेगवान मेमरीचा) अशा गेमला भरपूर फायदा होतो. नाहीच मिळाला तर साधा 5700एक्स.

आणि कार्ड 16 जीबीचं, मधल्या फळीतलं. आरटीएक्स 5060 टीआय किंवा रेडिऑन आरएक्स 9060 एक्सटी. ही दोन्ही त्याच नावाने 8 जीबीतही मिळतात, म्हणून पॅकिंगवरचा आकडा स्वतः वाच, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नकोस. रे ट्रेसिंग चालू केलं की ती खोक्यांची रचनाही कार्डाच्याच मेमरीत बसते, आणि 8 जीबी असेल तर 1440पीवर टेक्श्चर (भिंती-वस्तूंवरची चित्रं) मळकट होणं किंवा अधूनमधून अडखळणं सुरू होतं. मेमरी नंतर वाढवता येत नाही. या एका बाबतीत मी हट्टाने सांगेन.

दोघांतलं कोणतं? सायबरपंकसारख्या जड रे ट्रेसिंगमध्ये आरटीएक्स पुढे राहतं. हलक्या रे ट्रेसिंगमध्ये आणि साध्या गेममध्ये दोन्ही जवळजवळ आहेत, तेव्हा त्या दिवशी स्वस्त मिळेल ते घे. 5060 टीआय 180 वॅट घेतं, 5080च्या बरोबर निम्मे. तुझा सप्लाय चांगल्या दर्जाचा असेल तर त्यावर भागूही शकेल, पण सहा वर्षं झाली आहेत. पुंजीतून थोडे पैसे निघाले तर 650 वॅटचा नवीन घालून टाक. एवढं सगळं करूनही एकट्या 5080पेक्षा बहुधा कमीच पैसे लागतील.

5080 घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. कुणी रोज रात्री सायबरपंकच्या रस्त्यांवर नुसतं भटकायला जात असेल, फोटो मोडमध्ये तासन् तास रमत असेल, तर पाथ ट्रेसिंग त्या माणसाला पैशाचं पुरेपूर समाधान देईल, आणि त्याला मी अडवणार नाही. तुझ्या पत्रात तसा माणूस मला दिसला नाही. पण मी पत्रावरून अंदाज करतेय, तू स्वतः पाहून ठरवू शकतोस.

त्यासाठी विकत घेण्याआधी एक महिना भाड्याने खेळ. जीफोर्स नाऊसारखी क्लाउड सेवा तुझ्याकडे चालत असेल आणि इंटरनेट स्थिर असेल तर वरच्या वर्गाचं एका महिन्याचं सदस्यत्व घे. तिथे तुझ्याच मालकीचा गेम दूरच्या शक्तिशाली कार्डावर चालतो. चित्र व्हिडिओ होऊनच येतं, त्यामुळे बारीक तपशील थोडा जाईल, पण खोलीतला उजेड बदललेला नक्की कळेल. एकाच खोलीत उभा राहा, पाथ ट्रेसिंग लाव, बंद कर. मग चालू ठेवून आठवडाभर कथा खेळ, मुद्दाम डबकी शोधत फिरू नकोस. आठव्या दिवशी न सांगता भावाला ते बटण बंद करायला लाव आणि खेळायला बस. किती वेळाने तुझ्या लक्षात येतं ते बघ. पाच मिनिटांत चुकल्याचुकल्यासारखं वाटलं तर तू पाथ ट्रेसिंगवाला आहेस, मग आणखी वर्षभर पैसे साठव आणि पूर्ण पीसीच नवा बांध. तासाभराने भावाने सांगितल्यावर कळलं तर प्रोसेसर आणि 16 जीबीचं कार्ड घेऊन टाक, आणि पहिल्याच शनिवारी इंडियाना जोन्स लाव, आजवर तुझ्या पीसीने दारातच अडवलेला.

काय झालं ते मला नक्की लिही. आणि ऑर्डर देण्याआधी कॅबिनेट उघडून कार्डाच्या जागेची लांबी मोजपट्टीने मोज. जुन्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा मध्ये येतो, आणि तो कळायला कार्ड हातात येईपर्यंत थांबू नये.